नोटीस मिळाली असे समजावे

९ जानेवारी

ही वही हिनं आणून दिली. म्हणाली, "अहो, मी कोर्टातून दमून येते आणि तुम्ही दिवसभराचं सगळं माझ्या अंगावर ओतता. टपालवाला काय म्हणाला, नळवाला का आला नाही. त्यातलं निम्मं इथं लिहीत जा."

तर हे निम्मं.

एकतीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्त होऊन तीन महिने झाले. आता स्वयंपाक माझ्याकडे आहे आणि घरातलं कोणी कौतुक करत नाही. ही वकील. पालिकेचे नियम आणि वरच्या कोर्टातली अपिलं, एवढंच करते, पण त्यात हिचा हात धरणारं कोणी नाही. नवरा म्हणून सांगत नाही. एकदा कोर्टाच्या कँटीनमध्ये दोन अनोळखी वकील वाद घालत होते. एक वैतागून म्हणाला, "अरे, त्या मॅडमना जाऊन विचार. या शहरातलं प्रत्येक गटार त्यांनी लिहिलंय!" मी शेजारच्या टेबलावर होतो. अभिमानानं चहा सांडला.

१४ जानेवारी

नवी अशील आली. पन्नाशीची बाई, नखांत वाळलेली खळ. पालिकेच्या जुन्या गाळ्यांच्या रांगेत तिचं पुस्तकबांधणीचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. शाळांचे हजेरीपट बांधते, कोर्टाचे जाड ग्रंथ बांधते, आणि गंमत म्हणजे पालिकेच्या सभांची इतिवृत्तंही बांधते. मी मनातल्या मनात तिचं नाव बाइंडरबाई ठेवलं.

रस्ता रुंद करायचा म्हणून पालिकेनं ती रांग पाडायचं ठरवलं. गाळ्यांच्या दारांवर नोटिसा लावल्या: हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवा. बाइंडरबाई तेव्हा हॉस्पिटलात, पोटाचं मोठं ऑपरेशन झालेलं. बावीस दिवसांनी दुकानावर आली तर नोटीस दारावर फडफडत होती आणि मुदत संपलेली. खालच्या कोर्टात गेली, तिथं हरली. वरच्या कोर्टाचा निकाल लागेपर्यंत पाडकाम थांबवलंय, एवढाच काय तो दिलासा.

"मी हरकत घेतली असती आणि त्यांनी ती फेटाळली असती, तर गप्प बसले असते," ती म्हणाली. "पण मला विचारलंच नाही ना, ताई."

ही भराभर लिहून घेत होती. मध्येच थांबली. "खालच्या कोर्टानं कुठल्या कलमावर फेटाळून लावलं?"

"नऊ."

हिनं पेनाचं टोपण लावलं. अपील घ्यायचं की नाही ते दोन दिवसांत कळवते म्हणाली. हिला दोन दिवस लागतात हे मला नवीनच आहे.

१५ जानेवारी

भाजीत मीठ जास्त पडलं असावं. ही दोन घास खाऊन उठली. मग मला माळ्यावर चढवून नोकरीतल्या जुन्या कागदांची पेटी खाली काढायला लावली. एक फाईल उघडली, एकच पान पाहिलं, मिटून टाकली.

"सापडलं का हवं ते?"

"नको होतं ते सापडलं."

थंडीनं गुडघाही दुखत असणार.

१६ जानेवारी

हिनं बाइंडरबाईला बोलावून घेतलं आणि खोलीचं दार लावून पाऊण तास बोलली. निघताना ती मला फाटकापाशी म्हणाली, "सर, ताईंनी मला दुसऱ्या तीन वकिलांची नावं लिहून दिली. मी चिठ्ठी परत केली. म्हटलं, हे कुलूप तुम्हीच बनवलंय, तर तुम्हालाच ठाऊक ते कुठं सैल आहे."

कुलूप कसलं, काही कळलं नाही. दुकानाबद्दल म्हणत असेल. अपील हिनं घेतलं.

२ फेब्रुवारी

लेकीचा फोन. मी आपलं सांगत होतो की तुझी आई हल्ली चिडचिड करते, डॉक्टरला दाखवायला हवं. लेक म्हणाली, "बाबा, तुम्हाला खरंच माहीत नाही? कलम नऊ आईनं लिहिलंय."

मी फोन ठेवून तसाच स्टुलावर बसून राहिलो.

आता आठवतं. अठ्ठावीस वर्षांची होती. पालिकेच्या कायदा विभागात एकटी बाई, टेबल मुतारीच्या भिंतीला लागून. त्याच टेबलावर हिनं नळाचे, दिव्यांचे, गटारांचे, भटक्या कुत्र्यांचे नियम लिहिले. तेव्हा एका मोडकळीस आलेल्या इमारतीचा मालक नोटीस चुकवत आठ महिने फिरत होता. पालिकेचा माणूस पुढून आला की हा मागून पसार. शेवटी भिंत पडली. दोन माणसं गेली. ही तिथं जाऊन उभी राहिली होती. घरी आल्यावर चपला काढायचंही तिला सुचलं नाही. त्या आठवड्यात हिनं कलम नऊ लिहिलं:

"नोटीस दारावर लावली की ती मिळाली असे समजावे. याविरुद्ध कोणतेही म्हणणे ऐकले जाणार नाही."

पहिलं वाक्य सगळीकडेच असतं म्हणे. दुसरं हिचं. त्या शेपटानं पालिका पुढं कधी हरली नाही. तीसेक शहरांनी ते जसंच्या तसं उचललं. त्यावर ही कायदा अधिकारी झाली. सहा वर्षांपूर्वी नोकरी सोडून वकिली सुरू केली तेव्हा लोक त्या कलमामुळेच हिला ओळखत होते.

आणि आता तेच पाडायला निघालीय. मला सांगितलं का नाही, हा प्रश्न मी गिळला. कलम लिहिलं त्या आठवड्यात मी शाळेच्या प्रदर्शनाबद्दल अखंड बोलत होतो, हेही आठवलं.

७ फेब्रुवारी

अपील म्हणजे काय ते आज हिनं मला समजावलं. नवा साक्षीदार नाही, नवा कागद नाही. खालच्या कोर्टात जे कागद होते तेवढेच घेऊन वर जायचं आणि म्हणायचं, बघा, यातून हाच निष्कर्ष निघतो का. म्हणजे मुलानं काढलेल्या चित्रात एक सफरचंदही न वाढवता ते चित्र वेगळं आहे असं परीक्षकाला पटवायचं. मला नसतं जमलं.

पालिकेकडून धाकटा उभा राहणार. हिच्या हाताखाली अकरा वर्षं तयार झालेला पोरगा, आमच्याकडे घरचाच होता, म्हणून धाकटा. आता हिच्याच खुर्चीत बसतो. त्याचा फोन आला, मी स्पीकरवर ऐकला.

"मॅडम, हे प्रकरण मी दुसऱ्या कोणाला देऊ का?"

"खबरदार. आणि हलक्या हातानं लढलास तर बघ. कलम मी लिहिलंय हे मी कोर्टाला लेखी कळवतेय, तुलाही प्रत पाठवलीय."

"मिळाली मॅडम."

"हरकत?"

"नाही."

त्यानं जरा तरी चाचरायला नको? अकरा वर्षं या घरात जेवलाय.

१८ फेब्रुवारी

हल्ली दुपारी दोन तास मी न्यायमूर्ती असतो. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ही उभी. जो शब्द कळणार नाही तिथं मी चमचा वाजवायचा. आज चमचा सतरा वेळा वाजला.

खालच्या कोर्टातल्या कागदांत नोटीस लावणाऱ्या निरीक्षकाचा पंचनामा आहे. हिनं तो वाचून दाखवला: "गाळा कुलूपबंद. शेजारच्या चावीवाल्याने सांगितले की मालकीण हॉस्पिटलात आहे. नोटीस दारावर लावली."

मी चमचा वाजवला.

"यात न कळण्यासारखं काय आहे?" ही म्हणाली.

"म्हणजे ती तिथं नाही हे त्याला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग 'समजावे' कसं? जे ठाऊक नाही ते माणूस समजून चालतो. मुलगा आजारी आहे, घरी आहे, हे मला त्याच्या भावानं सांगितलंय. तरी मी हजेरीत 'आला असे समजावे' लिहिलं, तर हेडमास्तर माझी काय पूजा करतील?"

हिनं कागद गोळा केले, खोलीत गेली आणि दार लावलं. वाद घालून मी तिची लय मोडली. न्यायमूर्तीनं थोडं गप्प बसायला शिकलं पाहिजे.

१९ फेब्रुवारी

सकाळी हिनं माझ्या चहाची तारीफ केली. काहीतरी बिनसलंय नक्की.

३ मार्च

आज मीच विषय काढला. "तुला भीती वाटतेय का?"

ही खिडकीपाशी उभी राहून चष्मा पुसत होती. "त्या बाईसाठी नाही. तिला सोडवायला एक चांगला मुद्दा सापडलाय. ती हॉस्पिटलात आहे हे पालिकेला ठाऊक होतं, म्हणून 'समजावे' लागू होत नाही. एवढं म्हटलं की कदाचित ती सुटेल, आणि माझ्या शेपटाला हातही लागणार नाही."

"मग तेवढंच म्हण. तुझीही अब्रू राहील."

"आणि पुढच्या वेळी?" ती वळली. "निरीक्षक शेजाऱ्याला विचारणारच नाही. न विचारता नोटीस लावेल आणि निघून जाईल. ठाऊक असण्याचा प्रश्नच मिटला. शेपूट राहिलं तर पुढच्या बाईची वाट मी आजच बंद करते."

"लोक हसतील गं तुला. स्वतःचं लिहिलेलं स्वतः खोडतेय म्हणून."

"हसू देत. त्याचं काही नाही." ती पुन्हा खिडकीकडे वळली. "तीस शहरं, अहो. सव्वीस वर्षं. किती दारं असतील? मला मोजता येत नाहीत."

लग्नाला एकोणतीस वर्षं झाली. हिला रडताना मी तीनदा पाहिलंय. आज चौथी वेळ म्हणता येणार नाही, कारण तिनं चष्मा पुसणं थांबवलं नाही.

९ मार्च

नळवाला आला. नळ पूर्वीपेक्षा जास्त गळतो.

१२ मार्च

सुनावणी झाली. सगळं लिहितो, हात दुखला तरी.

कोर्टाची खोली मी कल्पना केली होती त्यापेक्षा लहान. भिंती पिवळसर, वर संथ फिरणारा पंखा, बाकाच्या कडा हातांनी झिजून गुळगुळीत झालेल्या. दोन न्यायमूर्ती. एक बाई, सतत लिहिणाऱ्या. दुसरे चष्म्यावरून बघणारे, बघितलं की पुढचा माणूस आपोआप टाय सरळ करतो. मी आणि बाइंडरबाई मागच्या बाकावर. तिनं नवी साडी नेसली होती, पण नखांतली खळ गेली नव्हती.

हिनं आधी पंचनाम्याचा मुद्दा मांडला. आवाज न चढवता, जणू शेजारणीला पत्ता सांगतेय. मग म्हणाली, "शिक्षकाला मुलगा आजारी आहे हे सांगितलेलं असताना तो हजेरीत 'आला असे समजावे' लिहू शकत नाही." मला बरं वाटलं, हिलाही शाळेचंच उदाहरण सुचलं. इतकी वर्षं माझ्या गोष्टी ऐकून काहीतरी कानावर पडलंच असणार.

चष्मेवाले न्यायमूर्ती म्हणाले, "पण पुढचं वाक्य आहे ना. कोणतेही म्हणणे ऐकले जाणार नाही. मग हे म्हणणं आम्ही ऐकायचं कसं?"

"तिकडेच येते आहे."

"हे कलम तुम्हीच लिहिलंत, असं तुमच्या निवेदनात आहे."

"हो."

मागच्या बाकांवर खुसखुस झाली.

"मग याचा अर्थ तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असणार," ते म्हणाले. जरा हसलेही.

"नाही," ही म्हणाली. "लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते कोर्टानं पाहू नये. कागदावर काय उतरलं तेवढंच पाहावं. आणि कागदावर जे उतरलं ते चूक आहे."

लिहिणाऱ्या न्यायमूर्ती बाईंनी मान वर केली. "नेमकं कुठं?"

"शेवटच्या सहा शब्दांत. मी अठ्ठावीस वर्षांची होते. नोटीस चुकवणारा एक माणूस माझ्या डोळ्यांपुढे होता, आणि त्याच्यामुळे गेलेली दोन माणसं. त्याला पळायला एकही फट ठेवायची नाही म्हणून मी ते सहा शब्द घातले. जिला नोटीस खरोखरच मिळाली नाही, अशी बाई तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे नव्हती. आज ती मागच्या बाकावर बसली आहे."

खुसखुस थांबली. माझ्या शेजारी बाइंडरबाई ताठ झाली आणि उगाचच पदर सारखा केला.

मग धाकटा उठला. त्यानं पालिकेची मार्गदर्शक पुस्तिका काढली. ती खालच्या कोर्टात दाखल झालेली होती, आणि लिहिली होती अर्थात हिनंच. मोठ्यानं वाचलं: "कलम नऊला वळसा घालता येत नाही." दोघं-तिघं हसले. माझी कानशिलं तापली. पण तो तिथं थांबला नाही. पान उलटून पुढचंही वाचलं: "मात्र नोटीस लावणाऱ्याने आधी माणूस शोधावा. शोधूनही सापडत नसेल तरच दार." तेही सावकाश, एकेक शब्द सुटा करून. न्यायमूर्ती बाईंनी लिहून घेतलं. त्याला कोणी पुढचं वाच म्हणालं नव्हतं! स्वतःच्याच बाजूचं नुकसान करून बसला. हुशार आहे हुशार आहे म्हणतात, पण ऐन वेळी डोकं चाललं नाही बिचाऱ्याचं.

घरी येताना हे मी हिला म्हटलं. ही बसच्या खिडकीतून बाहेर बघत होती.

"त्याला सगळं कळतं," ती म्हणाली. "अर्धं पान वाचून बसायचं नाही, हे मीच शिकवलंय त्याला." आणि गालातल्या गालात हसली. एवढं काय आहे त्यात हसण्यासारखं?

१३ मार्च

निकाल राखून ठेवलाय. ही चौदा तास झोपली.

२९ एप्रिल

निकाल लागला. कलमाचे शेवटचे सहा शब्द रद्द. नोटीस मिळाली नाही असं कोणी म्हणालं तर पालिकेला ते ऐकावं लागेल, आणि दारावर लावण्याआधी माणूस शोधावा लागेल. बाइंडरबाईची हरकत पालिकेनं नव्यानं ऐकावी.

मी निकाल दोनदा वाचला. शेवटी एक ओळ आहे: "सदर कलमाच्या लेखिकेनेच त्यातील दोष या न्यायालयापुढे मांडला, याची न्यायालय नोंद घेते."

"नोंद घेते? बस्स?" मी म्हटलं. "एक चांगला शब्द लिहायला काय झालं होतं?"

पण आज कोर्टाच्या जिन्यात मी एक पाहिलं. ही वरून उतरत होती, गुडघ्यामुळे कठडा धरून, हळूहळू. खालून येणारे सात-आठ वकील, त्यात पांढऱ्या केसांचेही, भिंतीला लागून थांबले. जागा होती, थांबायची काही गरज नव्हती. ही खाली पोचेपर्यंत कोणी पायरी चढलं नाही.

१७ जून

पालिकेत बाइंडरबाईच्या हरकतीची सुनावणी. मला वाटलं होतं ही बोलेल. ही मागे बसून राहिली. "तिचं तिला बोलता येतं," म्हणाली.

आणि आलं की. अधिकाऱ्यासमोर बाइंडरबाईनं वर्तमानपत्राच्या कागदावर काढलेला दुकानाचा नकाशा पसरला. चित्रकलेचा मास्तर म्हणून सांगतो, रेघा वाकड्या होत्या पण मापं चोख. "हे माझं कापण्याचं यंत्र. वडिलांनी जमिनीत पक्कं केलंय, हलवलं की मोडलं. याच्या पुढं साडेतीन फूट मोकळी जागा आहे. रस्त्याला तीन हवेत ना? पुढची भिंत मागं घ्या. मला यंत्रापुढं अर्धा फूट पुरतो, मी आडवी होऊन जाईन."

अधिकारी हसला, मग त्यानं स्वतः पट्टी घेतली.

भिंत मागे सरणार, दुकान राहणार. रांगेतल्या आणखी चौघांनी निकालानंतर हरकती घेतल्या. त्यांतल्या दोघांचं जमलं, दोघांना पलीकडच्या बाजारात गाळे मिळाले. चावीवाला या दुसऱ्या दोघांतला. तो खूश नाही, पण म्हणाला, "तासभर माझं ऐकून घेतलं. आजवर बायकोनंही एवढं ऐकलं नव्हतं."

२१ ऑगस्ट

आज सकाळी फाटकाची कडी वाजली. पालिकेचा शिपाई, खांद्याला पिशवी, घामाघूम. आमच्या झाडाची फांदी फुटपाथवर आली आहे, तिची नोटीस. मी म्हटलं, "ठेवा तिथं, फाटकाला अडकवा."

"नाही जमत आता तसं, साहेब," तो कुरकुरला. "पूर्वी बरं होतं. दाराला लावली की सुटलो. आता हातात द्या, सही घ्या, माणूस नसेल तर शेजारी विचारा, परत या. कोणी एक वकीलबाई आहेत म्हणे, त्यांनी कोर्टातून हे करून आणलं. त्यांना काय, बसल्या जागी लिहायचं. चालायचं आम्ही."

माझी छाती फुगली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून हिनं माझा कोपर दाबला. पाण्याचा तांब्या आणि पेला घेऊन आली होती.

"बसा जरा," ती त्याला म्हणाली. "किती घरं होतात दिवसाला?"

"तीस-पस्तीस, बाई. काल एका आजोबांनी तर सबंध नोटीस मोठ्यानं वाचून घेतली. डोळ्यांनी दिसत नाही म्हणे. म्हणाले, गेल्या वर्षी नळ तोडला तेव्हा अशीच काहीतरी चिकटवली असणार, पण मला कोण सांगणार."

हिनं पेल्यात पाणी ओतलं. "मग? वाचलीत?"

"वाचली की. दोनदा. चहा दिला त्यांनी."

हिनं नोटीस पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचली, उभ्या उभ्या. मग सही केली, तारीख घातली, वेळसुद्धा घातली. "बरोबर आहे. फांदी खरंच बाहेर आली आहे. पंधरा दिवसांच्या आत कापतो."

शिपायानं पाणी संपवलं, तोंड पुसलं, पिशवी खांद्यावर टाकली आणि शेजारच्या घरी गेला. तिथली आजी कानानं अधू आहे. त्यानं एकदा कडी वाजवली, दोनदा वाजवली.

मी आत येऊन कढईखालचा गॅस बारीक केला. खिडकीतून पाहिलं, तर ही अजून फाटकातच उभी होती. शेजारचं दार उघडेपर्यंत आत आली नाही.